ई-व्हिसा : अर्ज घरबसल्या, पण जबाबदारीही घरचीच

भिलाईत रशियन माणूस दिसणे ही एके काळी नवलाची गोष्ट नव्हती. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. त्या काळात शेकडो सोव्हिएत तंत्रज्ञ इथे येऊन राहिले आणि इथलेही शेकडो अभियंते व कारागीर प्रशिक्षणासाठी तिकडे गेले. मुलांना घेऊन ज्या मैत्रीबागेत आपण पांढरे वाघ बघायला जातो, तिच्या नावातली मैत्री ही भारत-सोव्हिएत मैत्रीच आहे.

आमच्या शेजारच्या काकांची सगळी नोकरी याच कारखान्यात झाली. मूळ गाव भंडाऱ्याकडचे. विशीत भिलाईला आले आणि इथलेच झाले. रशियन तज्ज्ञांच्या हाताखाली काम शिकले. आजही कुणी चहाचा कप हातात दिला की ते 'स्पासीबा' म्हणतात आणि काकू हसतात. 'एकदा त्यांचा देश बघायचा होता,' हे वाक्य काकूंनी संसारात किती वेळा ऐकले असेल, त्याची गणती नाही. म्हणून लग्नाला पन्नास वर्षे झाली तेव्हा मुलांनी दोघांना मॉस्कोच्या सहलीची भेट दिली. काकूंनी लोकरीचे मोजे घेतले, चिवडा आणि शंकरपाळ्यांचे डबे भरले. व्हिसाचा अर्ज बाजारातल्या एका दुकानदाराने संगणकावरून भरून दिला. चार दिवसांत दोघांचे व्हिसा आलेही. सगळे कसे झटपट!

दिल्लीच्या विमानतळावर मात्र खिडकीवरच्या मुलीने काकूंचा पासपोर्ट पाहिला, हातातला कागद पाहिला आणि पुन्हा पासपोर्ट पाहिला. पासपोर्टवर काकूंच्या नावापुढे काकांचे नाव होते. व्हिसावर ते नव्हते. दुकानदाराने अर्ज आधार कार्डावरून भरला होता आणि आधारवर फक्त काकूंचे नाव व आडनाव होते. काकांचा व्हिसा बरोबर होता, काकूंचा चुकला होता.

'आजी, तुम्हाला जाता येणार नाही,' मुलगी हळूच म्हणाली.

'मग मी तरी एकटा जाऊन काय करू?' काकांनी विचारले. दोघेही परत फिरले. तिकिटाचे पैसे बुडाले, व्हिसाचे शुल्क बुडाले, हॉटेलची आगाऊ रक्कमही गेली. पण काकूंना लागून राहिले ते वेगळेच. 'माझ्यामुळे यांचं राहून गेलं,' असे त्या कित्येक दिवस म्हणत होत्या. खरे तर त्यांचा यात काहीच दोष नव्हता. त्यांनी तो अर्ज पाहिलाही नव्हता.

खिडकीपलीकडचा माणूस गेला

परदेशी जायचे म्हणजे पूर्वी केवढे दिव्य असे! छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले. त्याआधी हा सगळा भाग मध्य प्रदेशात होता आणि पासपोर्टसाठी भोपाळकडे डोळे लावून बसावे लागे. पासपोर्ट हाती आला की तो व्हिसासाठी दिल्ली, मुंबई किंवा कोलकात्याला पाठवायचा. वकिलाती आणि वाणिज्य दूतावास तिथेच. पासपोर्ट परत येईपर्यंत घरात कुणाला चैन नसे.

पण त्या जुन्या पद्धतीत एक गोष्ट होती. खिडकीपलीकडे एक माणूस बसलेला असे. तो कधी खेकसत असेल, कधी 'उद्या या' म्हणत असेल. परंतु 'पासपोर्टवर नाव असं आहे आणि तुम्ही इथे तसं लिहिलंय' हेही तोच सांगत असे. चूक घरापाशीच किंवा फार तर वकिलातीच्या दारात कळत असे.

ई-व्हिसाने ही खिडकी आपल्या घरात आणून ठेवली, पण तिच्यापलीकडचा माणूस गेला. संगणक रकाना रिकामा राहिला तर टोकतो, चुकीचा भरला तर बहुतेक वेळा गप्प बसतो. चूक उमगते ती थेट विमानतळावर. भिलाईकराला परदेशी विमानासाठी बहुधा दिल्ली, मुंबई किंवा कोलकाता गाठावे लागते. म्हणजे रेल्वेने कधी कधी हजार किलोमीटरहून अधिक प्रवास झाल्यावर, सामान बांधून, आप्तांचा निरोप घेऊन झाल्यावर!

म्हणून ई-व्हिसाच्या सोयीचे स्वागत करतानाच एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी. पूर्वी जे काम तपासनीस करत असे, ते आता आपले आहे.

ई-व्हिसा म्हणजे काय आणि काय नव्हे

संगणकावरून अर्ज करायचा, पासपोर्टच्या पानाची प्रत आणि फोटो चढवायचा, शुल्क भरायचे आणि मंजुरीचा कागद ई-मेलने मिळवायचा, हा ई-व्हिसा. पासपोर्ट कुठेही पाठवावा लागत नाही आणि त्यावर चिकटपट्टीही लागत नाही. या कल्पनेची सुरुवात ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये संगणकीय प्रवास परवानगी देऊन केली. आपल्या देशाने परदेशी पर्यटकांसाठी ही सोय २७ नोव्हेंबर २०१४ पासून सुरू केली. तेव्हा ती ४३ देशांच्या नागरिकांपुरती होती.

रशियाने २०१७ मध्ये आधी फक्त व्लादिवोस्तोक बंदरापासून प्रारंभ केला आणि १ ऑगस्ट २०२३ पासून भारतासह ५५ देशांच्या नागरिकांसाठी जवळजवळ सगळ्या देशाकरिता एकच ई-व्हिसा आणला. आरंभी या व्हिसावर १६ दिवस राहता येत असे. ऑगस्ट २०२५ पासून मुक्कामाची मर्यादा ३० दिवस आणि व्हिसाची मुदत १२० दिवस झाली. निमंत्रणपत्र लागत नाही आणि निर्णय साधारण चार दिवसांत कळतो. व्हिएतनामने १५ ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा सुरू केला. त्याचे शुल्क एकदा प्रवेशासाठी २५ डॉलर आणि अनेकदा प्रवेशासाठी ५० डॉलर असे ठरले.

पण सगळेच देश असे नाहीत. नेपाळ आणि भूतानसाठी भारतीयांना व्हिसाच लागत नाही. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी आजही सामान्यतः मुलाखतीला जावे लागते. तुर्कस्तानचा ई-व्हिसा भारतीयांना मिळतो, पण अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा युरोपातील शेंगेन देशांचा वैध व्हिसा किंवा निवासाचा परवाना आधीच हाती असेल तरच. 'शेजारच्यांना मिळाला, मग आपल्यालाही मिळेल' हा हिशोब इथे चालत नाही.

आणखी तीन गोष्टींची गल्लत होते. पहिली म्हणजे आगमनपत्र. थायलंडने १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला डिजिटल आगमनपत्र भरणे आवश्यक केले. ते प्रवेशाच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असते आणि त्याला शुल्क नाही. तो व्हिसा नव्हे. तरीही 'व्हिसा काढून देतो' म्हणत त्याचेच पैसे घेणारे महाभाग आहेत. दुसरी गोष्ट, पोहोचल्यावर मिळणारा व्हिसा. तो तिथल्या विमानतळावर रांगेत उभे राहून घ्यायचा असतो. तिसरी, ई-पासपोर्ट. २०२४ मध्ये काही पासपोर्ट कार्यालयांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेल्या या पासपोर्टमध्ये सूक्ष्म चिप असते. नागपूर आणि रायपूर ही कार्यालये त्या पहिल्या तुकडीत होती. पण ई-पासपोर्ट मिळाला म्हणजे व्हिसाची गरज संपली, असे नाही.

आधी पासपोर्ट उघडा

अर्ज भरण्याआधी घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट जेवणाच्या टेबलावर मांडा. पहिली गोष्ट बघा, मुदत. बहुतेक देशांना पासपोर्ट आणखी किमान सहा महिने चालणारा हवा असतो. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, मुलांचा मात्र पाच वर्षांचा किंवा अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतचा, यातले जे आधी येईल ते. आईवडिलांचे पासपोर्ट ठणठणीत आणि धाकट्याचा संपत आलेला, असे घरोघरी घडते. कोरी पाने दोन तरी आहेत ना, हेही पाहून घ्या.

दुसरी गोष्ट, क्रमांक. आपल्या पासपोर्टच्या क्रमांकात सुरुवातीला एक इंग्रजी अक्षर आणि पुढे सात अंक असतात. त्यामुळे अक्षरानंतर जे गोल दिसते ते शून्यच आहे, 'ओ' नव्हे, एवढे लक्षात ठेवले तरी एक मोठी चूक टळते.

तिसरी गोष्ट, जन्मस्थान. ही अडचण खास आपल्या भागातली. २००० पूर्वी दुर्ग जिल्ह्यात जन्मलेल्यांपैकी कुणाच्या पासपोर्टवर 'दुर्ग, मध्य प्रदेश' असते, तर कुणाच्या 'दुर्ग, छत्तीसगड'. एकाच घरातल्या दोन भावांची दोन तऱ्हा असू शकते. अर्जात भूगोल दुरुस्त करायला जाऊ नका. पासपोर्टवर जे छापले आहे तेच लिहा.

जन्मतारखेचेही तसेच. काही अर्जांत आधी दिवस आणि मग महिना असतो, काहींत आधी महिना. ५ ऑगस्टला जन्मलेला माणूस बघता बघता ८ मेला जन्मलेला होतो आणि संगणकाला त्यात काही वावगे वाटत नाही.

नाव : मराठी घरातली खरी अडचण

काकूंच्या बाबतीत जे झाले ते योगायोगाने झालेले नाही. महाराष्ट्रात आपले नाव तीन पायऱ्यांचे असते : स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव. हिंदी मुलखात मधले नाव लावण्याची अशी रीत नाही. त्यामुळे भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, रायपूर इथल्या मराठी घरांत शाळेच्या दाखल्यावर बहुधा दोनच पायऱ्या असतात आणि नागपूर-अमरावतीकडच्या कागदांवर तीन. लग्न होऊन विदर्भातून इकडे आलेल्या सुनेच्या कागदपत्रांत तर माहेरचे नाव, सासरचे नाव, वडील आणि पती अशी चारही माणसे वेगवेगळ्या कागदांवर भेटतात.

इंग्रजी स्पेलिंगची तऱ्हा आणखी निराळी. 'व' साठी कुणी 'व्ही' लिहितो, कुणी 'डब्ल्यू'. 'श' साठी कधी 'एस एच', कधी नुसता 'एस'. आपल्या दृष्टीने उच्चार एकच असतो, म्हणून आपण सोडून देतो. पण विमानतळावर उच्चार तपासत नाहीत, अक्षरे तपासतात.

पासपोर्टवर नावाचे दोनच भाग असतात, आडनाव आणि दिलेले नाव. वडिलांचे किंवा पतीचे नाव छापलेले असेल तर ते बहुधा या दुसऱ्या भागात असते. ई-व्हिसाच्या अर्जातही हेच दोन रकाने येतात. तेव्हा दिलेल्या नावाच्या रकान्यात पासपोर्टवरचे दोन्ही शब्द, त्याच क्रमाने आणि त्याच अक्षरांत गेले पाहिजेत. आधार, पॅन, बँकेचे पुस्तक, लग्नाची पत्रिका, सगळे बाजूला ठेवा. या कामापुरता पासपोर्ट हाच एक ग्रंथ. विमानाचे तिकीटही त्याच नावाने काढा.

कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो. काही देश अशा प्रवाशांना अडवतात. असे असेल तर सहल ठरवण्याआधीच पासपोर्ट दुरुस्त करून घेणे शहाणपणाचे.

खरे संकेतस्थळ कोणते?

संगणकावर देशाचे नाव आणि पुढे 'ई-व्हिसा' असे लिहून शोधले की सगळ्यात वर जे येते ते सरकारी असतेच असे नाही. पुष्कळदा ती जाहिरात असते. खासगी मंडळी सरकारी दिसणारे पान उभे करतात, त्यावर त्या देशाचा ध्वज लावतात आणि शुल्काच्या कितीतरी पट पैसे घेतात. काही जण निदान अर्ज तरी पुढे पाठवतात. काही जण पैसे आणि पासपोर्टची प्रत घेऊन गडप होतात. पैशांपेक्षाही ही प्रत परक्याच्या हाती जाणे अधिक धोक्याचे.

सरकारी पत्त्यात 'डॉट गव्ह' असते, हा नियम अर्धाच खरा आहे. व्हिएतनामचा खरा पत्ता 'गव्ह डॉट व्हीएन' असा संपतो. परंतु रशियाचा पत्ता 'केडीएमआयडी डॉट आरयू' असा संपतो, त्यात 'गव्ह' कुठेच नाही. म्हणून भरवशाचा मार्ग एकच. आधी त्या देशाच्या भारतातील वकिलातीचे संकेतस्थळ उघडा आणि तिथे दिलेल्या दुव्यावरूनच अर्जाच्या पानावर जा.

स्वतःला जमत नसेल तर दुकानदाराची किंवा प्रवासी कंपनीची मदत घेण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र सरकारी शुल्क किती आणि तुमची मजुरी किती, हे वेगवेगळे विचारून पावती घ्या. आणि 'पाठवा' हे बटण दाबण्यापूर्वी संपूर्ण अर्ज छापून मागा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता अधिक.

फोटो, पैसे आणि तारखा

फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, समोर पाहणारा आणि अलीकडचा हवा. चष्मा काढलेला बरा. व्हिएतनामसारखे काही देश चष्म्याचा फोटो घेतच नाहीत. पासपोर्टच्या पानाची प्रत काढताना खालच्या दोन ओळी, ज्यांत बाणासारख्या खुणा असतात, त्या पूर्ण आल्या पाहिजेत. दिव्याचा उजेड पडून अक्षरे पांढरी झाली तर अर्ज परत येतो.

पैसे भरताना अनेकांचे कार्ड नाकारले जाते आणि मग एकच धावपळ उडते. कारण साधे असते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड मुळात देशातल्या व्यवहारांपुरतेच चालू असते. परदेशी व्यवहाराची परवानगी आपण बँकेच्या अ‍ॅपवरून किंवा शाखेत सांगून सुरू करायची असते. काम झाले की ती पुन्हा बंद करावी. भरलेले शुल्क अर्ज नाकारला तरी सहसा परत मिळत नाही आणि चूक सुधारायची तर बहुधा नवा अर्ज, नवे शुल्क.

तारखांच्या बाबतीत दोन शब्द नीट समजून घ्या. व्हिसाची मुदत म्हणजे कोणत्या तारखांच्या दरम्यान तुम्ही प्रवेश करून परत निघायचे ते दिवस. मुक्काम म्हणजे त्या मुदतीत प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल ते. रशियाचा व्हिसा १२० दिवसांचा आहे म्हणून चार महिने राहता येत नाही, ३० दिवसच राहता येते. त्यातही पोहोचण्याचा दिवस धरला जातो, मग विमान रात्री अकराला का उतरेना!

शिवाय ई-व्हिसावर सगळ्या नाक्यांवरून आत जाता येत नाही. प्रत्येक देशाची ठरलेली विमानतळे आणि सीमानाके असतात. तिकीट काढण्याआधी आपले विमानतळ त्या यादीत आहे का, ते पाहा. आणि 'तीन दिवसांत मिळतो' याचा अर्थ तीन कामाचे दिवस असाही असतो. व्हिएतनामी नववर्षाच्या सुट्ट्यांत अर्ज केलात तर तेवढे दिवस वाढलेच म्हणायचे. किमान पंधरा दिवस हाताशी ठेवून अर्ज करावा.

आलेला व्हिसाही वाचा

काकूंचा व्हिसा प्रवासाच्या दहा दिवस आधी घरात आला होता. सगळ्यांनी आनंदाने पाहिला, कुणी वाचला नाही. त्या दहा दिवसांत नवा अर्ज सहज झाला असता. म्हणून व्हिसाचा कागद आला की एकाने पासपोर्ट हातात घ्यावा, दुसऱ्याने व्हिसा. एकाने एकेक अक्षर मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने बोट ठेवून जुळवावे. नाव, क्रमांक, जन्मतारीख, मुदत, किती वेळा प्रवेश. दहा मिनिटांचे काम आहे. मुलांना सांगा, ती आवडीने करतील.

कागदाच्या दोन छापील प्रती काढा. एक हातातल्या पिशवीत, दुसरी सोबत्याकडे. मोबाइलची बॅटरी नको त्या वेळीच संपते. परतीचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण आणि प्रवासाचा आरोग्य विमा यांच्याही प्रती ठेवा. कारण व्हिसा असला तरी आत सोडायचे की नाही, हे शेवटी तिथला अधिकारीच ठरवतो. रशियाला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. मार्च २०२२ पासून भारतातली व्हिसा किंवा मास्टरकार्डची कार्डे तिथे चालत नाहीत, तेव्हा रोख रकमेची सोय हवी. युद्धामुळे परिस्थिती बदलत असते, म्हणून निघण्यापूर्वी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचनाही पाहाव्यात.

पर्यटक म्हणूनच जा

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. भिलाईसारख्या कारखान्यांच्या गावात आयटीआय झालेली, वेल्डिंग-फिटिंग येणारी तरुण मुले पुष्कळ. 'आधी पर्यटक व्हिसावर चल, तिथे गेल्यावर नोकरीचा करून देतो,' असे सांगणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. पर्यटनाच्या ई-व्हिसावर नोकरी करता येत नाही. तो माणूस तुमच्या मुलाला नोकरीवर नव्हे, बेकायदा मुक्कामावर नेत असतो.

हे नुसते भय घालणे नव्हे. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने दलालांच्या एका जाळ्याविरुद्ध गुन्हा नोंदवून देशातल्या अनेक शहरांत छापे घातले. चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना रशियाला पाठवायचे आणि तिथे युद्धाच्या आघाडीवर लोटायचे, असा तो आरोप होता. कंबोडिया, लाओस आणि म्यानमारमध्ये अशाच आमिषाने नेलेल्या मुलांना डांबून ठेवून त्यांच्याकडून संगणकीय फसवणुकीची कामे करून घेतल्याच्या घटनाही उघड झाल्या आहेत. परदेशी नोकरी लावणाऱ्या दलालाची नोंदणी १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार सरकारकडे असावी लागते. ती आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. मुलाचे लग्न ठरवताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो, मग त्याला परक्या देशात पाठवताना का करू नये?

नातवंडे इकडे येताना

परदेशी असलेल्या मुलामुलींच्या घरात उलटी अडचण येते. आईवडिलांचा पासपोर्ट भारतीय, पण तिकडे जन्मलेल्या बाळाचा अमेरिकेचा. त्या चिमुकल्याला आजोळी यायला व्हिसा लागतो, हे पहिल्यांदा ऐकून आजी-आजोबा चकित होतात. वरचेवर येणे होणार असेल तर परदेशस्थ भारतीय नागरिकाचे म्हणजे ओसीआय कार्ड काढणे बरे. पण त्याला वेळ लागतो. तोवर भारताचा ई-व्हिसा उपयोगी पडतो. तो ३० दिवसांचा, एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा असतो. ई-व्हिसावर ठरावीक विमानतळांवरूनच प्रवेश मिळतो. दिल्ली, मुंबई, कोलकाता यांच्याबरोबर नागपूर आणि पुणेही त्या यादीत आहेत. बाळाचे नाव त्याच्या पासपोर्टवर जसे आहे तसेच भरा. घरात हाक मारतो ते नाव तिथे चालत नाही.

पुन्हा एकदा

काका-काकूंचे पुढे काय झाले, हे सांगायलाच हवे. वर्षभर त्या विषयावर कुणी बोलले नाही. मग एका रविवारी काकूच पासपोर्ट घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, 'या वेळी अर्ज मी भरणार. तू फक्त बटणं दाखव.'

आम्ही दोघी टेबलाशी बसलो. काकू चष्मा लावून पासपोर्टवरचे एकेक अक्षर वाचत होत्या आणि मी ते टिपत होते. स्वतःच्या नावापुढे पतीचे नाव आले तेव्हा त्या थांबल्या. 'हेच राहिलं होतं ना गं?' त्यांनी विचारले आणि ती अक्षरे दोनदा वाचली. मग काकांनी दोन्ही अर्ज पहिल्यापासून तपासले. कारखान्यात तयार माल तपासून बाहेर सोडत, तसे. सगळे मिळून दीड तास लागला.

चौथ्या दिवशी व्हिसा आले. ते आधी वाचले गेले, आनंद नंतर झाला. सप्टेंबरात दोघे मॉस्कोला जाऊन आले. लाल चौकातला दोघांचा फोटो आता त्यांच्या दिवाणखान्यात आहे आणि त्याच्या शेजारी, काचेच्या चौकटीत, काकूंनी आपला व्हिसाचा कागदही लावला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या तो कौतुकाने दाखवतात आणि न चुकता सांगतात, 'अर्ज कुणाकडूनही भरून घ्या, पण पाठवण्याआधी स्वतः वाचा.'